लिनक्सवर लॅपटॉपचे वायफाय सुरू करताना: आधी कार्ड ओळखावे, मग ड्रायव्हर शोधावा

लॅपटॉपवर लिनक्स नव्याने बसवले, पडदा, आवाज, टचपॅड सारे व्यवस्थित चालते, परंतु कोपऱ्यातील नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केले तर वायफायचा उल्लेखच दिसत नाही, अशी तक्रार घेऊन नागपुरातील ओळखीची मुले दर जून-जुलैत, महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास, माझ्याकडे येतात. बहुतेकांनी येण्यापूर्वीच इंटरनेटवर सापडलेल्या दहा-बारा आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवून पाहिलेल्या असतात, आणि मूळ दोष दूर करायला लागतो त्याहून अधिक वेळ त्या आज्ञांनी केलेली उलथापालथ निस्तरण्यात जातो. म्हणून पहिला नियम असा की, आपल्या लॅपटॉपात नेमके कोणते वायफाय कार्ड आहे हे कळेपर्यंत काहीही इन्स्टॉल करू नये.

पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावयाच्या आहेत. जेथे 'एलएसपीसीआय' असे लिहिले आहे तेथे ती पाच अक्षरे सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करावीत. उदाहरणे प्रामुख्याने उबुंटू आणि लिनक्स मिंट या लिनक्सच्या दोन प्रकारांची घेतली आहेत, कारण नवशिके बहुधा तेथूनच सुरुवात करतात.

लिनक्स अजून बसवलेच नसेल, तर पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून, इन्स्टॉल न करता, वायफाय चालते की नाही हे आधी पाहून घ्यावे. पेनड्राइव्हवर चाललेले कार्ड इन्स्टॉल केल्यानंतरही बहुधा चालते, आणि न चालल्यास पुढे काय करावे लागणार याचा अंदाज हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वीच येतो.

तात्पुरत्या इंटरनेटची सोय

वायफाय सुरू करण्यासाठी ड्रायव्हर (लिनक्स आणि कार्ड यांच्यातील दुवा असलेला प्रोग्राम) हवा, ड्रायव्हर उतरवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे, हा पेच अनेकांना अवघड वाटतो; तो सोडवण्याचे साधन मात्र बहुधा खिशातच असते. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पर्यायाजवळ असलेले 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. लिनक्सला हा फोन तारेचे नेटवर्क कार्ड असल्यासारखा दिसतो आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, त्यामुळे मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. केबल तेवढी नीट पाहून घ्यावी. काही स्वस्त केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, आणि अशा केबलीवर टेदरिंगचा पर्याय पुसटच राहतो.

कार्डाची ओळख

लॅपटॉपच्या आत बसवलेले कार्ड ओळखण्यासाठी टर्मिनल उघडून पुढील आज्ञा द्यावी:

एलएसपीसीआय -एनएनके

बरीच मोठी यादी येते. तीत 'नेटवर्क कंट्रोलर' या शब्दांनी सुरू होणारी नोंद शोधावी. 'इथरनेट कंट्रोलर' ही नोंद सहसा तारेच्या जोडणीची असते आणि नवशिके नेमकी तीच वायफाय समजून बसतात. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अंक-अक्षरांचे दोन गट विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेले दिसतील. पहिला गट चिप बनवणाऱ्या कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस आणि १४सी३ म्हणजे मीडियाटेक. दुसरा गट चिपच्या नेमक्या प्रकाराचा. हे दोन्ही गट कागदावर उतरवून ठेवावेत, कारण लॅपटॉपच्या झाकणावरील कंपनीचे नाव आणि मॉडेल या कामी फारसे उपयोगी पडत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे निघणे ही नेहमीची गोष्ट आहे.

त्याच नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का, हे पाहावे (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). ती असेल तर ड्रायव्हर कार्डापर्यंत पोहोचला आहे आणि दोष अन्यत्र आहे, म्हणून नवा ड्रायव्हर शोधण्याचे कारण उरत नाही. ती नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न आहे. आणि यादीत वायफाय कार्डाची नोंदच नसेल, तर ड्रायव्हरचा विचार सोडून आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केलेले नाही ना, ते तपासावे.

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांसाठी येथे आणखी एक शक्यता असते. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना 'शट डाउन' केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, स्वतःची अवस्था डिस्कवर जपून ठेवते, आणि काही कार्डे त्या अर्धवट अवस्थेतून लिनक्सच्या हाती नीट येत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हा पर्याय बंद करावा. तूर्त खात्री करून घ्यायची असेल तर विंडोजमधून 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करून लिनक्समध्ये यावे.

ड्रायव्हर आहे, तरी वायफाय बंद

आरएफकिल लिस्ट

ही आज्ञा प्रत्येक रेडिओ उपकरणाच्या नावाखाली दोन ओळी दाखवते: 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. पहिलीपुढे 'येस' असेल तर सॉफ्टवेअरने वायफाय बंद ठेवले आहे, आणि 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' एवढ्याने काम भागते ('सुडो' म्हणजे ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने देणे). दुसरीपुढे 'येस' असेल तर कोणतीही आज्ञा उपयोगाची नाही. तेथे कळफलकावरील विमानाचे किंवा अँटेनाचे चित्र असलेली कळ, बहुधा एफएन कळीसोबत, दाबावी लागते, आणि जुन्या लॅपटॉपांत तर कडेला बारीक सरकबटण असते, जे दप्तरातून काढता-घालता नकळत सरकते. लेनोव्होच्या काही जुन्या आयडियापॅडवर असे कोणतेही बटण नसतानाही 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसते. तेथे 'आयडियापॅड_लॅपटॉप' नावाचे कर्नल मॉड्यूल चुकीची माहिती देत असते. 'सुडो मॉडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप' ही आज्ञा देऊन ते उतरवले की वायफाय उघडते का, हे पाहावे आणि उघडल्यास ते मॉड्यूल काळ्या यादीत टाकावे, म्हणजे पुढच्या वेळी ते आपोआप सुरू होणार नाही.

दुसरे कारण फर्मवेअरचे. वायफाय कार्डाच्या आत एक लहानसा संगणकच असतो आणि लॅपटॉप सुरू झाल्यावर ड्रायव्हर त्याला चालवण्याचा प्रोग्राम एका फाइलीतून पुरवतो. ती फाइल डिस्कवर नसेल तर ड्रायव्हर असूनही कार्ड जागे होत नाही. तपासण्यासाठी:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर, ज्याचे नाव आयडब्ल्यूएलवायफाय आहे, तो फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, ती नसल्यास तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची, आणि प्रत्येक वेळी 'फेल्ड विथ एरर -२' अशी ओळ नोंदवत जातो. लाल अक्षरांतील अशा पाच-सहा ओळी पाहून पुष्कळ जण घाबरतात. वस्तुतः शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी एक ओळ आली असेल तर वरच्या सर्व ओळी निरुपद्रवी आहेत. ती शेवटची ओळ नसेल तरच फर्मवेअरची उणीव मानावी.

उबुंटू आणि मिंटमध्ये जवळजवळ सर्व फर्मवेअर 'लिनक्स-फर्मवेअर' या एकाच पॅकेजमध्ये येते, त्यामुळे फोनच्या टेदरिंगवर संपूर्ण प्रणाली अद्ययावत करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की बहुधा प्रश्न मिटतो. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारात ते कंपनीनिहाय वेगळ्या पॅकेजांत असते. मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचे नाही, असे डेबियनचे पूर्वी धोरण होते; २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानाने ते बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर ते स्वतःच बसवतो. कुणाच्या हाती त्याहून जुनी डेबियनची डिस्क असेल तर ती बाजूला ठेवलेली बरी.

ड्रायव्हरच नसेल तर

येथे कार्डाची कंपनी महत्त्वाची ठरते. क्वालकॉम अथेरॉस आणि इंटेल यांच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे तेथे अडचण आलीच तर ती कर्नल जुने असण्याची असते. इंटेलच्या एएक्स२०० कार्डाला कर्नल ५.१ आणि एएक्स२१० ला ५.१० किंवा त्यापुढील कर्नल लागते.

रिअलटेकचे चित्र वेगळे आहे. तिच्या अनेक चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये उशिरा आले, आणि दरम्यानच्या काळात लोकांनी ते सुटे तयार करून इंटरनेटवर ठेवले. त्यामुळे शोध घेतला की अनोळखी व्यक्तीने गिटहब या संकेतस्थळावर ठेवलेला कोड उतरवून त्यातून ड्रायव्हर बांधण्याच्या (कंपाइल करण्याच्या) सूचना सर्वांत आधी समोर येतात. माझा सल्ला असा की, त्या वाटेला जाण्यापूर्वी नवे कर्नल वापरून पाहावे. स्वस्त लॅपटॉपांत हल्ली पुष्कळदा आढळणारी आरटीएल८८५२बीई ही चिप घ्या. तिचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ६.२ या आवृत्तीपासून आहे. उबुंटू २२.०४ आणि त्यावर आधारित मिंट २१ यांचे मूळ कर्नल ५.१५ आहे, तेथे ही चिप मुकी राहते. तीच उबुंटू २४.०४ किंवा मिंट २२ यांच्या ६.८ कर्नलवर काहीही न करता चालते. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' हा पर्याय आहे, तेथून नवे कर्नल निवडता येते. जुने कर्नल पुसले जात नाही, आणि नव्याने काही बिघडले तर लॅपटॉप सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्यावर परतता येते. गिटहबवरून बांधलेल्या ड्रायव्हरचे तसे नाही: तो एका विशिष्ट कर्नलसाठी बांधला जातो, आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा बांधणारी डीकेएमएस नावाची व्यवस्था सोबत नसेल तर पुढील कर्नल अपडेटच्या दिवशी वायफाय नाहीसे होते. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो दिवस हमखास परीक्षेच्या आदल्या रात्रीचा असतो.

ब्रॉडकॉमच्या कार्डांपैकी काही मुक्त ड्रायव्हरवर चालतात, परंतु बीसीएम४३१४२ सारख्या काहींना कंपनीचा बंदिस्त 'डब्ल्यूएल' ड्रायव्हरच लागतो. जुन्या लॅपटॉपांत ही चिप पुष्कळ सापडते. उबुंटूत 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मधील 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडल्यावर ब्रॉडकॉमचा पर्याय दिसतो; तो निवडावा आणि टेदरिंग चालू ठेवून इन्स्टॉल होऊ द्यावा. हाताने काही करण्याची आवश्यकता नाही.

लॅपटॉपवर 'सिक्योर बूट' (मान्यता नसलेले ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर हा ड्रायव्हर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते. हा पासवर्ड कशाचा, हे न समजल्याने लोक काहीतरी टाइप करून विसरतात. लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबण्यास सांगतो. दाबली नाही तर तो निघून जातो, ड्रायव्हर डिस्कवर असूनही चालत नाही, आणि मनुष्य पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. तेव्हा या वेळी पाणी प्यायला उठू नये. कळ दाबून 'एनरोल एमओके' निवडावे, 'कंटिन्यू' आणि 'येस' म्हणावे, आणि आधी ठरवलेला तोच पासवर्ड द्यावा. त्याचे काम तेवढेच, नंतर तो लागत नाही.

बाहेरून लावायचे डोंगल

सीताबर्डीच्या दुकानांत नखाएवढी यूएसबी वायफाय डोंगल सहज मिळतात आणि तात्पुरता उपाय म्हणून ती वाईट नाहीत. त्यांची ओळख 'एलएसयूएसबी' या आज्ञेने होते. घेताना वेष्टनावरील मॉडेलवर मात्र विसंबू नये. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या प्रसिद्ध मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. नाव तेच, आत वस्तू निराळी, त्यामुळे जुन्या लेखातील शिफारस वाचून नवे डोंगल आणणाऱ्यांची फसगत होते. दुकानदार तयार असेल तर लॅपटॉप सोबत नेऊन, तेथेच लावून पाहणे सर्वांत चांगले. काही डोंगल प्रथम लावल्यावर विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचे सोंग करतात आणि यादीत ०बीडीए:१ए२बी या क्रमांकाने दिसतात. अशा वेळी 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज त्यांना खऱ्या रूपात आणते.

वायफाय दिसते, पण टिकत नाही

महाल भागातील जुन्या घरांच्या भिंती हातभर जाडीच्या असतात, आणि आमच्या ओळखीच्या अशाच एका घरात एक स्वस्त लॅपटॉप फक्त राउटरच्या खोलीतच वायफाय पकडत असे. शेजारच्या खोलीत गेले की संपले. मी तीन आठवडे सारा दोष भिंतींना दिला आणि त्या घरच्यांना दुसरा राउटरही घ्यायला लावला. नंतर लॅपटॉप अंगणात, उघड्यावर नेला तेव्हाही सिग्नल तितकाच क्षीण निघाला आणि माझे डोळे उघडले. त्या लॅपटॉपात आरटीएल८७२३बीई हे कार्ड होते. या कार्डावर अँटेनाच्या दोन जोडण्या असतात, परंतु काही लॅपटॉपांत निर्माते एकच तार जोडतात, आणि ड्रायव्हर मात्र रिकाम्या जोडणीवर कान लावून बसतो. उपाय एका ओळीचा आहे. ईटीसी निर्देशिकेतील 'मॉडप्रोब.डी' या फोल्डरमध्ये '.कॉन्फ'ने संपणारी एक फाइल करून तीत पुढील ओळ लिहावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

फरक पडला नाही तर २ च्या जागी १ लिहून पाहावे. भिंती त्यानंतरही तेवढ्याच जाड होत्या, पण लॅपटॉप माजघरात चालू लागला.

अर्थात प्रत्येक वेळी दोष ड्रायव्हरचाच असतो असेही नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो. पत्रा आणि पाण्याने भिजलेल्या वाळ्याच्या ताट्या, दोन्ही रेडिओ लहरी अडवतात. राउटर त्या आडोशाला असेल तर मार्चपर्यंत ठीक चाललेले वायफाय एप्रिलमध्ये अडखळते, आणि ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आधी गळतो.

फोनवर दिसणारे घरचे नेटवर्क लॅपटॉपवर मुळीच दिसत नसेल तर वाहिनीचा विचार करावा. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात १ ते १३ वाहिन्या चालतात, अमेरिकेच्या नियमांनुसार चालणारे कार्ड मात्र १२ आणि १३ कडे बघत नाही. 'आयडब्ल्यू रेग गेट' ही आज्ञा देऊन देश कोणता नोंदलेला आहे ते पाहावे आणि चुकीचा असल्यास 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' असे करावे. यातील 'आयएन' ही देशाची दोन अक्षरे मोठ्या लिपीत टाइप करावीत. इंटेलची नवी कार्डे देश स्वतःच ठरवतात आणि ही आज्ञा मानत नाहीत, तेथे राउटरची वाहिनी ११ किंवा त्याखाली आणणे सोपे.

दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असेल तर वीजबचतीकडे बोट जाते. उबुंटूत 'नेटवर्कमॅनेजर'च्या 'कॉन्फ.डी' फोल्डरमध्ये 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाइल असते, तिच्यातील 'वायफाय.पॉवरसेव्ह = ३' येथे २ लिहिले की बचत बंद होते. बॅटरी किंचित लवकर उतरेल, एवढीच त्याची किंमत.

कार्ड बदलणे

सर्व उपाय थकले तर आतले कार्डच बदलावे, आणि हा मार्ग लोक समजतात तितका अवघड नाही. बहुतेक लॅपटॉपांत ते एम.२ प्रकारचे, एका स्क्रूने बसवलेले असते. काही पातळ मॉडेलांत मात्र ते मदरबोर्डलाच जोडलेले असते, म्हणून आधी मागील झाकण उघडून पाहावे. खरेदी करताना इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे टाळावीत, कारण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या विशिष्ट प्रोसेसरांच्या आत असतो आणि एएमडीच्या लॅपटॉपात ती चालतच नाहीत. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस मान्य यादीतील कार्डेच स्वीकारते, तेव्हा जुना लॅपटॉप असल्यास कार्ड परत करता येईल अशा दुकानातूनच ते घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी लॅपटॉप बंद करून बॅटरीची जोडणी काढावी. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, हवा इतकी कोरडी असते की कपड्यांच्या घर्षणाने अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून गालिच्यावर किंवा गादीवर बसून हे काम करू नये, आणि कार्डाला हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अँटेनाच्या दोन तारांची टोके बाजरीच्या दाण्याएवढी असतात. ती कोणत्या बाजूला होती याचा फोटो काढून मगच नखाने सरळ वर उचलावीत, तिरकी ओढू नयेत. नवे कार्ड बसवल्यावर ती जागेवर आल्याचा बारीक 'टक्' आवाज येतो. झाकण लावून लॅपटॉप सुरू करावा आणि सुरुवातीचीच एलएसपीसीआयची आज्ञा पुन्हा द्यावी. ८०८६ च्या नोंदीखाली ड्रायव्हर म्हणून आयडब्ल्यूएलवायफाय दिसले, तर फोनची केबल काढून ठेवता येते.